स्पीगल ग्रोव्ह, की लार्गो: जहाज एक नंबर, बोटवाले ठीकठाक

फ्लोरिडात की लार्गोला डायव्हिंगला जाणार असाल तर स्पीगल ग्रोव्ह हे बुडवलेलं जहाज कराच, पण नुसतं ओपन वॉटरचं (डायव्हिंगच्या पहिल्या कोर्सचं) कार्ड घेऊन नको. जहाजाचा वरचा भागच साधारण ६० फुटांवर सुरू होतो आणि तळ १३० ला, त्यात करंट, म्हणजे पाण्याचा ओढा. करंट असला की मूरिंगचा (बोट बांधायचा) दोर धरूनच खाली जायचं, झेंड्यासारखं आडवं फडफडत, आणि वर येतानाही तोच दोर शोधायचा, त्यामुळे अर्धी हवा तिथेच खर्च होते.

हे अमेरिकन नेव्हीचं ५१० फुटी जहाज. मे २००२ मध्ये कृत्रिम रीफ (कोरल आणि माशांना घर) करायला म्हणून मुद्दाम बुडवायला घेतलं तर ते ठरल्या वेळेआधीच गेलं, तेही उलटं होऊन, नाक पाण्याबाहेर! मग खटपट करून कसंबसं कुशीवर वळवलं, आणि २००५ ला डेनिस वादळ आलं त्याने ते सरळ उभं करून टाकलं, फुकटात :)

आता रेलिंगवर, क्रेनवर लोखंड दिसतच नाही जवळजवळ, सगळीकडे स्पंज आणि कोरल. जवळ जाऊन टॉर्च मारा, कारण त्या खोलीवर लाल रंग मरतो आणि सगळं निळसर राखाडी दिसतं, टॉर्च पडला की तीच भिंत एकदम लाल केशरी. गोलायथ ग्रुपर हा भलामोठा मासा दिसला तर नशीब, तो आवाजाचा दणका देतो ना तो कानापेक्षा छातीत जाणवतो. बाराकुडा असतात, त्या नुसत्या बघत बसतात, काही करत नाहीत.

एका डाइव्हमध्ये पूर्ण जहाज बघायचा हट्ट करू नका, होत नाही. साध्या हवेवर १०० फुटांवर डाइव्ह टेबलप्रमाणे (वर येताना मध्ये थांबून डीकॉम्प्रेशन करावं लागू नये म्हणून) २० मिनिटं मिळतात, ३२ टक्के नायट्रॉक्सवर (जास्त ऑक्सिजनची हवा) ३० च्या आसपास, म्हणून नायट्रॉक्स घ्याच, फक्त त्यावर ११० फुटांच्या खाली जायचं नाही. आणि आत शिरायचं तर रेक पेनिट्रेशनचं (बुडालेल्या जहाजात शिरायचं) ट्रेनिंग आणि परतीची वाट सापडायला दोरीचं रील पाहिजेच. २००७ ला आत शिरलेले तीन डायव्हर दगावले इथे. गाळ उठला की हात दिसत नाही, दार कुठून दिसणार. बाहेरूनच इतकं आहे बघायला.

आता बोटवाले. नाव नाही घेत. गाइड चांगला होता, शांत, सारखा सगळ्यांची हवा विचारत होता. पण ब्रीफिंग उरकून टाकलं, करंट कुठून आहे हे आम्हाला विचारावं लागलं. नायट्रॉक्सचे पैसे वेगळे घेतले आणि भाड्याचा डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि उरलेला वेळ दाखवणारा) मात्र साध्या हवेवर सेट केलेला!! टाकीतला ऑक्सिजन तपासताना मी कॉम्प्युटरही बघितला म्हणून कळलं, सांगितल्यावर 'नो प्रॉब्लेम' म्हणून बदलून दिला, सॉरी वगैरे काही नाही. जहाजाला पाचपैकी पाच, बोटीला तीन, तेही गाइडमुळे.