एसयू एचएस-४ रिबिल्ड किट: डबा मागवण्याआधी स्पिंडल हलवून पाहा

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या एसयू बनावटीच्या जोड कार्बोरेटरसाठी (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग) बाजारात दोन प्रकारची किटं आहेत आणि निम्मे पैसे ऑर्डर देतानाच वाया जातात. स्वस्त असतं ते सर्व्हिस किट. त्यात पॅकिंग, वॉशर आणि फ्लोटचे नीडल व्हॉल्व्ह, बस्स. फुल रिबिल्ड किटात यांच्याशिवाय दोन थ्रॉटल स्पिंडल (थ्रॉटल फिरवणारे दांडे), त्यांच्यावरच्या हवा अडवणाऱ्या दोन डिस्क, त्यांचे स्क्रू, पेट्रोल सोडणारे दोन जेट आणि जेटमध्ये वर-खाली होणाऱ्या दोन सुया येतात. हे परीक्षण दुसऱ्या किटाचं. अस्सल एसयू माल आज इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या बर्लेनकडून येतो. पाउंडाचा भाव आणि कस्टम ड्यूटी सतत हलत असल्याने किमतीचा आकडा इथे लिहिण्यात अर्थ नाही.

ऑर्डर देण्याआधी दोन मिनिटांची तपासणी करा. एअर फिल्टर काढा, स्पिंडलचं टोक चिमटीत धरून वर-खाली हलवा. खुटखुट जाणवली, तर गाडी आयडलला का डुलते याचं उत्तर तिथेच मिळालं. खात्री करायची असेल तर थंड इंजिन चालू करून स्पिंडलच्या टोकांवर कार्ब क्लीनरचा एकच फवारा मारा. आवाज बदलला म्हणजे तिथून हवा आत ओढली जाते आहे.

पितळी स्पिंडल ५/१६ इंचाचा, म्हणजे ७.९४ मिलिमीटरचा. पन्नास वर्षांत तो एकटा झिजत नाही, ॲल्युमिनियम बॉडीतलं भोकही अंडाकृती होतं. नवा स्पिंडल जुन्या भोकात घातला की खुटखुट थोडी कमी होते, जात नाही. मग किट बोगस आहे अशी बोंब होते. दोष किटाचा नसतो.

भोक गेलं असेल तर दोन वाटा. झीज थोडी असेल तर ओव्हरसाइझ स्पिंडल मिळतो, भोक तेवढंच रीम करायचं, म्हणजे रीमरने नेमक्या मापाला मोठं करायचं. जास्त असेल तर भोक मोठं करून पितळी बुश (आतल्या बारीक नळ्या) बसवायचे आणि ते स्टँडर्ड मापाला रीम करायचे. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईत तुर्भे एमआयडीसीत हे करणारे लेथवाले आहेत. फक्त बॉडी हातात देताना एक गोष्ट ठासून सांगा: दोन्ही बाजूंची भोकं एकाच सेटिंगमध्ये, एकाच लांब रीमरने एका रेषेत करायची. एक बाजू करून बॉडी फिरवून दुसरी केली, तर स्पिंडल अडकतो आणि थ्रॉटल परत येत नाही. जुना लेथवाला बहुधा म्हणेल, 'हा तर ॲम्बॅसेडरचा कार्बोरेटर.' त्याचं फार चुकत नाही. ॲम्बॅसेडरचं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसी हे दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सीरीजचे, आणि एसयू त्याच्या हातून शेकड्याने गेलेले असतात. त्याच्या अनुभवाचा फायदा घ्या, पण त्याच्या डब्यातली ॲम्बॅसेडरची सुई घेऊ नका.

डिस्क काढताना घाई नको. तिचे स्क्रू खालच्या टोकाला फाकवलेले असतात. तसेच फिरवले तर स्पिंडलचे आटे जातात किंवा स्क्रू मोडतो. आधी फाकलेली टोकं चिमट्याने दाबून जवळ आणा, मग उलगडा. डिस्कची कड तिरकी घासलेली असते, म्हणून बसण्याची दिशा आधी मार्करने नोंदवा. नवी बसवताना स्क्रू ढिले ठेवून थ्रॉटल दोन-चारदा बंद करा, डिस्क आपोआप मध्यावर येते. मग स्क्रू कसून टोकं पुन्हा फाकवा. हे फाकवणं टाळलं तर सुटलेला स्क्रू थेट सिलिंडरमध्ये जातो.

जेटची नायलॉन नळी डाव्या-उजव्याला वेगळ्या लांबीची असते; अदलाबदल झाली की नळी ताणली जाते किंवा दुमडते. जेटचं भोक ०.०९० इंचाचं, म्हणजे जेमतेम २.२९ मिलिमीटर. नकली किटांची परीक्षा इथे होते: २.२५ च्या ड्रिलची गुळगुळीत बाजू आत जायला हवी, २.३५ ची जाता कामा नये. सुईचा नंबर तिच्या दांड्यावर कोरलेला असतो, भिंगातून वाचा. १९६२ पासूनच्या पहिल्या, क्रँकशाफ्टला तीन बेअरिंग असलेल्या इंजिनांना एमबी, त्यानंतरच्या पाच बेअरिंगच्या सुरुवातीच्या इंजिनांना ५ नंबर. फिक्स सुईचा खांदा कार्बोरेटरमधल्या पिस्टनच्या तळाशी सपाट लागला पाहिजे. मग जेट सेंटर करायचं: लॉकनट ढिला करून पिस्टन पूर्ण खाली दाबून ठेवा, जेट वर घ्या, नट आवळा. पिस्टन उचलून सोडला की स्पष्ट 'टक्' ऐकू यायला हवं. आवाज बद्द आला तर सुई जेटला घासते आहे, पुन्हा करा. नंतरच्या स्प्रिंगवाल्या सुयांना ही कसरत नाही.

पिस्टन आणि वरचा घुमट ही जोडी कारखान्यातूनच जुळवून आलेली असते. दोन्ही कार्बोरेटर एकाच ट्रेमध्ये उघडून ठेवले की झाला घोटाळा. घुमटाला आतून पॉलिश पेपर लावू नका, पेट्रोलने पुसा आणि कोरडा ठेवा. डॅम्परचं (पिस्टनची उसळी मंदावणाऱ्या दांडीचं) तेल एसएई २०, पोकळ दांड्याच्या तोंडावर अर्धा इंच. पेट्रोल पंपावर ते मिळत नाही, पण मोटरसायकलच्या फोर्कचं २० ग्रेडचं ऑइल चालतं. पातळ तेलाने रेस देताच गाडी अडखळते.

कार्बोरेटर गाडीवर चढवताना अर्धा इंची पाना वापरा. १३ चा पाना बसतो खरा, पण नट १२.७ चा असल्याने कडा गोल होतात. एमजीबीत कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, त्यामुळे मधला हीट शील्ड आणि जाड इन्सुलेटर ब्लॉक शोभेचे नाहीत. ते गाळले तर मे महिन्यात माजिवड्याच्या सिग्नललाच पेट्रोल उकळून गाडी बंद पडेल. पॅकिंग ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना आणि शील्ड व कार्बोरेटरच्या मध्येही लागतं. किटात ती पुरेशी आहेत का, आधी मोजा.

ट्यूनिंगला हात घालण्यापूर्वी टॅपेटची फट ०.०१५ इंच, पॉइंटची ०.०१५, प्लगची ०.०२५ आणि टायमिंग बरोबर करून घ्या. जेटचा नट पूर्ण वर नेऊन तिथून १२ फ्लॅट (नटाच्या बाजू) खाली, म्हणजे दोन पूर्ण फेरे. इंजिन गरम करा. दोन्ही थ्रॉटलचे क्लॅम्प सोडून, रबरी नळी कानाला लावून दोन्ही तोंडांची सूं-सूं सारखी करा. मग पिस्टन जेमतेम ०.८ मिलिमीटर उचला. आरपीएम वाढून वाढलेलाच राहिला तर मिश्रण जाड आहे. क्षणभर वाढून खाली आला तर बरोबर. लगेच पडला तर पातळ.

ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलवर मिश्रण पातळच निघेल, कारण इथेनॉलला हवा कमी आणि इंधन जास्त लागतं. एक-दोन फ्लॅट आणखी खाली नेऊन आयडल सावरतं, पण पाम बीच रोडवर टॉप गियरमध्ये ताण दिल्यावर प्लग पांढरे दिसले, तर कारखान्याच्याच तक्त्यातली ६ नंबरची रिच सुई मागवा. फुल किटातल्या सुया स्टँडर्ड असतात. ऑर्डरमध्येच नंबर बदलून मागणं बरं. रबरी होज मात्र किटात नसतो. 'एसएई जे-३०-आर-९' छापलेलाच घ्या. साधा होज आतून सुटतो आणि त्याचा काळा गाळ नव्या नीडल व्हॉल्व्हमध्ये अडकून पेट्रोल ओव्हरफ्लो होतं. ओव्हरफ्लोचं दुसरं कारण पंप. मूळ एसयू पंपाचा दाब सुमारे ३ पीएसआयच्या आत असतो, युनिव्हर्सल पंप ५-६ देतो आणि फ्लोट तेवढा दाब झेलत नाही. असा पंप असेल तर रेग्युलेटर लावा.

पावसाळ्यात गाडी झाकून ठेवायची असेल तर पंपाची वायर काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, फ्लोटच्या वाट्या रिकाम्या होतील. खाडीच्या दमट हवेत इथेनॉल पाणी ओढतं आणि वाटीच्या तळाशी पांढरा चुरा जमतो. तो झाला की तेच नीडल व्हॉल्व्ह पुन्हा मागवावे लागतात, आणि तेव्हा मात्र स्वस्तातलं सर्व्हिस किट पुरतं.