कॅनव्हास की एमडीएफ? एक पावसाळा काढल्यावर

राहतो चिपळूणला, म्हणजे जून ते सप्टेंबर घरातली चादरसुद्धा धड वाळत नाही. मे महिन्यात चित्रं रंगवायला तीन गोष्टी एकदम घेतल्या: ताणलेला सुती कॅनव्हास, कॅनव्हास बोर्ड आणि सुताराकडून कापून घेतलेले ६ मिमी एमडीएफचे (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीचे) तुकडे.

बोर्ड सगळ्यात आधी बाद झाला. पुठ्ठ्यावर कापड चिकटवलेलं, पुढून प्रायमर म्हणजे रंगाआधीचं अस्तर, मागे नुसता पुठ्ठा. जुलैत त्याला भाजलेल्या पापडासारखा बाक आला. सरावाला ठीक आहे, कुणाला द्यायच्या चित्राला नको.

कॅनव्हास श्रावणात ढिला पडला, ब्रश टेकवला की आत जायचा. सोबत आलेल्या लाकडी पाचरी मी कचरा समजून डब्यात टाकून ठेवल्या होत्या! फ्रेमच्या आतल्या कोपऱ्यांत त्या हलकेच ठोकल्यावर ताण आला. पूर्ण मात्र ठोकू नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की कापड स्वतःच आवळतं. भिंतीला टेकवून ठेवलेल्या एकाला मागून बुरशीचे ठिपके आले, ती चूक माझीच.

एमडीएफने मेहनत करून घेतली. त्याच्या कापलेल्या कडा पाणी पितात आणि फुगतात, म्हणून आधी कडा बंद केल्या. मग पुढून जेसोचे (रंगाआधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे) तीन हात, एक आडवा, एक उभा, मध्ये २२० नंबरचा पॉलिशपेपर. मागूनही दोन हात दिले. पहिल्या तुकड्याला आळसाने दिले नव्हते, तोच तेवढा वाकला. बाकीचे आजही सरळ आहेत.

ॲक्रिलिक यावर सुरेख बसतं. तेलरंगाने रडवलं: जेसोने तेल शोषलं आणि गडद भाग राखेसारखे निस्तेज दिसायला लागले. आता जेसोवर पातळ ॲक्रिलिक मीडियमचा (रंग न घातलेल्या ॲक्रिलिकचा) एक हात देतो आणि तो नीट वाळला की मगच तेलरंग. खालचं काम ॲक्रिलिकमध्ये उरकून वर तेलरंग चालतो. उलटं करू नका, तेलकट थरावर ॲक्रिलिक धरत नाही, पुढेमागे सुटतं.

लिनन कॅनव्हासचा एकच छोटा तुकडा वापरला. पोत देखणा, पण खिसा रिकामा. जवसाच्याच झाडाचा धागा आणि जवसाच्याच तेलातला रंग, याची गंमत मात्र वाटली.

एमडीएफची खरी अडचण वजनाची. दोन बाय तीन फुटांचा तुकडा अडीच किलोच्या आसपास जातो आणि आमच्या चिऱ्याच्या भिंतीत खिळा धरेल याची खात्री नाही. त्यामुळे मोठं चित्र अजून कॅनव्हासवरच करतो. पाचरी आता रंगांच्या डब्यात असतात.