ओमीद स्मारक : आपल्या आणि परक्या मृतांची एकच यादी

अब्दुर्रहमान बोरूमंद सेंटर ही वॉशिंग्टनमधून काम करणारी इराणी मानवाधिकार संस्था ‘ओमीद’ या नावाचे एक ऑनलाइन स्मारक चालवते. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणच्या इस्लामी प्रजासत्ताकाने फासावर चढवलेल्या, गोळ्या घातलेल्या किंवा परदेशांत मारेकरी पाठवून संपवलेल्या हजारो माणसांच्या नोंदी तेथे फारसी आणि इंग्रजीत विनामूल्य वाचता येतात. अशा संग्रहाचे परीक्षण लिहिणे काहीसे विचित्र वाटेल. परंतु लॉस एंजेलिस, पॅरिस किंवा स्टॉकहोम येथे स्थायिक झालेल्या इराण्यांमध्ये गेली चार दशके जो वाद धुमसत आहे, म्हणजे अस्सल इराणी कोणाला म्हणायचे आणि हुकूमशहाचा न्यायनिवाडा करायचा म्हणजे नेमके काय करायचे, तो समजून घेण्यासाठी यापेक्षा उपयुक्त सेवा माझ्या पाहण्यात नाही.

प्रत्येक नोंद एका व्यक्तीची असते आणि तिला ‘एका माणसाची गोष्ट’ असेच शीर्षक असते. वर नाव, वय, राष्ट्रीयत्व, धर्म, मृत्यूची तारीख, ठिकाण, मारण्याची पद्धत आणि ठेवलेले आरोप यांचा तक्ता येतो. त्याखाली, माहिती हाती असेल त्या प्रमाणात, अटक, खटला, आरोप, पुरावे, बचाव आणि निकाल असे टप्प्याटप्प्याने निवेदन येते आणि मानवाधिकारांच्या जागतिक घोषणापत्रातील कोणकोणत्या कलमांचा भंग झाला, तेही नमूद केलेले असते. भाषा पंचनाम्याची आहे. शहीद, गद्दार, नरपशू असे शब्द तिच्यात नाहीत. असंख्य नोंदींत एक खुलासा जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा पुन्हा भेटतो, तो असा की निष्पक्ष खटल्याची किमान हमीच नसल्यामुळे या व्यक्तीवरील आरोप खरे होते की खोटे, हे ठरवता येत नाही. पहिल्यांदा वाचताना ही वकिली सावधगिरी वाटते. पुढे लक्षात येते की सगळे स्मारक या एका वाक्यावर उभे आहे.

त्या वाक्याचा कस लागतो तो क्रांतीने हटवलेल्या शाहच्या, म्हणजे इराणच्या राजाच्या, राजवटीतील बड्या अधिकाऱ्यांच्या नोंदी वाचताना. अमीर अब्बास होवेदा १९६५ पासून १९७७ पर्यंत शाहचे पंतप्रधान होते. सावाक या गुप्त पोलीस यंत्रणेचे छळ आणि १९७५ मध्ये लादलेली एकपक्षीय पद्धत ही दोन्ही त्यांच्याच कारकिर्दीतली, आणि डाव्या विचाराचा परागंदा इराणी हे विसरायला तयार नसतो. उलट राजेशाहीचा समर्थक होवेदांना निरपराध बळी मानतो. मात्र नोव्हेंबर १९७८ मध्ये लोकक्षोभ शांत करण्यासाठी त्यांना प्रथम अटकेत टाकले ते खुद्द शाहने, आणि जानेवारी १९७९ मध्ये देश सोडताना त्यांना तेथेच ठेवले, हे तो सहसा सांगत नाही. क्रांतीनंतर सादेक खलखाली या धर्मगुरू न्यायाधीशासमोर कसर तुरुंगात त्यांचा खटला चालला, त्यांना वकील मिळाला नाही, आणि ७ एप्रिल १९७९ रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. सावाकचे माजी प्रमुख नेमतुल्ला नसीरी यांना तर क्रांती होऊन आठवडाही उलटला नव्हता तेव्हा तेहरानमधील रेफाह शाळेच्या गच्चीवर तीन सेनाधिकाऱ्यांसह ठार करण्यात आले. नसीरींच्या हाताखालच्या कोठड्यांत ज्यांची नखे उपटली गेली, त्यांच्या वारसांना ही नोंद वाचताना काय वाटत असेल याची मला कल्पना करता येते. तरीही स्मारक नसीरींनाही तेच वाक्य लावते जे इतरांना लावते. त्यांचे गुन्हे कमी लेखलेले नाहीत. त्या गुन्ह्यांची चौकशीच झाली नाही, एवढेच म्हटलेले आहे.

याच यादीत सादेक गोत्बजादे आहेत, आणि माझ्या मते या संग्रहातील सर्वांत बोलकी नोंद त्यांचीच ठरावी. क्रांतीचे नेते खोमेनी यांना पॅरिसहून तेहरानला घेऊन आलेल्या विमानात ते होते. पुढे ते नभोवाणी-दूरचित्रवाणीचे प्रमुख आणि मग परराष्ट्रमंत्री झाले. शाहला परत आणून त्याच्यावर खटला चालवायचा, ही क्रांतीची मोठी मागणी होती. ऑक्टोबर १९७९ मध्ये उपचारांसाठी शाहला अमेरिकेत प्रवेश मिळाला आणि ४ नोव्हेंबरला तेहरानमधील अमेरिकी दूतावास ताब्यात घेतला गेला, तोही हीच मागणी पुढे करून. शाह पनामात असताना त्याच्या प्रत्यार्पणासाठी गोत्बजादे यांनी पुष्कळ खटपट केली. परंतु मार्च १९८० मध्ये तो इजिप्तला निघून गेला आणि २७ जुलैला कैरोत वारला. त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी, सप्टेंबर १९८२ मध्ये, खोमेनींविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून गोत्बजादे यांनाच मृत्युदंड देण्यात आला. शाहला ज्या न्यायासनासमोर उभे करण्याची त्यांची धडपड होती, ते न्यायासन कसे होते, हे त्यांच्या इतके जवळून क्वचितच कोणाला कळले असेल.

सद्दाम हुसेन यांच्याविषयीचा इराण्यांमधला वाद मला या संग्रहामुळे नीट उमगला, जरी सद्दाम यांचे बळी ओमीदच्या कक्षेत येत नाहीत. २२ सप्टेंबर १९८० रोजी इराणवर आक्रमण करून आठ वर्षे युद्ध लादणारा, २८ जून १९८७ रोजी सरदश्त या कुर्द वस्तीच्या इराणी गावावर मस्टर्ड वायूचे बॉम्ब टाकणारा हा माणूस ३० डिसेंबर २००६ रोजी फाशी गेला, तो इराकमधील दुजैल येथील १४८ शियांच्या हत्येच्या खटल्यात. इराणविरुद्धचे युद्ध आणि रासायनिक हल्ले यांसाठी त्याला कोणत्याही न्यायालयात उत्तर द्यावे लागले नाही. परदेशातील कित्येक इराण्यांनी त्या दिवशी आनंद मानला, आणि सुडाची भूक भागली म्हणून त्यांना दोष देणे सोपे असले तरी उचित नाही. पण ज्यांनी तेव्हाच विचारले की सरदश्तचा खटला आता कोण चालवणार, त्यांचा प्रश्न अधिक टिकाऊ ठरला. योगायोगाने त्याचे अर्धेमुर्धे उत्तर वर्षभर आधी हेगमध्ये मिळालेले होते. इराकला रासायनिक अस्त्रांचा कच्चा माल पुरवणारे डच व्यापारी फ्रान्स व्हान अनराट यांना डिसेंबर २००५ मध्ये युद्धगुन्ह्यांतील साहाय्याबद्दल पंधरा वर्षांची शिक्षा झाली, आणि त्या खटल्यात इराणी गावांवरील हल्लेही विचारात घेतले गेले. म्हणजे सरदश्तच्या रहिवाशांची कैफियत एखाद्या न्यायालयात ऐकली गेली ती हुकूमशहाविरुद्ध नव्हे, त्याच्या पुरवठादाराविरुद्ध.

राष्ट्रीय ओळखीच्या प्रश्नावर स्मारक एक शब्दही भाष्य करत नाही, आणि तरीही धर्म व राष्ट्रीयत्वाचे रकाने वाचत गेले की बरीच गृहीतके कोलमडतात. दूतावासातील ओलीस-प्रकरण ४४४ दिवस चालले आणि त्या काळात अमेरिकी दूरचित्रवाणीने इराणी माणसाचे जे चित्र रंगवले, मुठी आवळून घोषणा देणारा दाढीवाला जमाव, ते तेथील इराण्यांच्या मानगुटीवर अजून बसलेले आहे. त्यातून सुटण्यासाठी अनेकांनी स्वतःला ‘पर्शियन’ म्हणवून घ्यायला सुरुवात केली. पुढे बेव्हर्ली हिल्समधला सोन्याने मढलेला उधळ्या पर्शियन हे दुसरे व्यंगचित्र त्याच वाटेने आले. परागंदांचे स्वतःचेही एक आवडते मिथक आहे : आपण प्राचीन इराणी सम्राट सायरसचे आर्य वारस आणि धर्मसत्ता म्हणजे अरबांनी लादलेली परकी गोष्ट. हे मिथक मला बाहेरच्यांच्या टवाळीहून अधिक घातक वाटते, कारण त्यात इराणच्याच अरब नागरिकांना घरातून बाहेर काढले जाते आणि खोमेनी, खलखाली ही इराणच्याच मातीतली माणसे होती हे सोयीस्करपणे नजरेआड होते.

ओमीदच्या यादीत खुजेस्तानचे अरब आहेत, बलूच आहेत, कुर्द आहेत, अफगाण नागरिकही आहेत. तेहरानमधील ज्यू समाजाचे प्रमुख, प्लास्को इमारत उभारणारे उद्योगपती हबीब एलघानियान आहेत. मे १९७९ मधील त्यांच्या मृत्युदंडाने इराणी ज्यूंमध्ये अशी धास्ती पसरली की हजारो कुटुंबांनी देश सोडला, आणि आजच्या लॉस एंजेलिसमधील इराणी ज्यू वस्तीच्या इतिहासात ती तारीख महत्त्वाची मानली जाते. जून १९८३ मध्ये शिराझला फाशी दिलेल्या दहा बहाई स्त्रियांपैकी मोना महमूदनेजाद फक्त सतरा वर्षांची होती. इराणच्या पहिल्या स्त्री मंत्री फर्रुखरू पारसा आहेत आणि अमली पदार्थांच्या आरोपावरून फाशी गेलेले अनामप्राय मजूरही आहेत, ज्यांच्यासाठी कोणत्याही शहरात कोणी मोर्चा काढला नाही. ऑगस्ट १९७९ मध्ये सनंदजच्या विमानतळावर कुर्द कैद्यांना गोळ्या घालतानाचे छायाचित्र जगभर छापले गेले आणि त्याला पुलित्झर पारितोषिकही मिळाले, पण पाहणाऱ्यांना त्यातील माणसांची नावे ठाऊक नव्हती. स्मारकाची रीत याच्या बरोबर उलट आहे : छायाचित्र असो वा नसो, नाव आधी.

संस्थेच्या पक्षपातीपणाची शंका घेणाऱ्यांनी तिचा उगम पाहावा. लादन आणि रोया या बोरूमंद भगिनींनी २००१ मध्ये ती स्थापन केली. त्यांचे वडील अब्दुर्रहमान बोरूमंद हे शाहचे शेवटचे पंतप्रधान शापूर बख्तियार यांचे निकटचे सहकारी. १८ एप्रिल १९९१ रोजी पॅरिसमध्ये ते राहत त्याच इमारतीत त्यांना भोसकून मारण्यात आले आणि ऑगस्टमध्ये बख्तियार यांचीही पॅरिसजवळ हत्या झाली. बख्तियारांच्या मारेकऱ्यांपैकी एकाला १९९४ मध्ये जन्मठेप झाली, पण २०१० मध्ये फ्रान्सने त्याची सुटका करून त्याला इराणला जाऊ दिले. इतक्या जवळचा घाव सोसूनही वडिलांच्या राजकीय विरोधकांना त्याच यादीत, त्याच तक्त्यात बसवण्याचा संयम या बहिणींनी दाखवला, याचे मोल मी फार मानतो.

संग्रहाचा उपयोग केवळ शोक करण्यापुरता नाही. १९८८ च्या उन्हाळ्यात इराणच्या तुरुंगांत झालेल्या राजकीय कैद्यांच्या सामूहिक हत्यांवर ब्रिटिश कायदेपंडित जेफ्री रॉबर्टसन यांच्याकडून याच संस्थेने अहवाल लिहवून घेतला. त्याच हत्यांबद्दल जुलै २०२२ मध्ये स्टॉकहोमच्या न्यायालयाने हमीद नूरी या माजी तुरुंगाधिकाऱ्याला जन्मठेप सुनावली. जून २०२४ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत तो सुटून तेहरानला पोचला, हे खरे. पण साक्षीपुरावे नोंदले गेले, निकालपत्र लिहिले गेले आणि ते आता पुसता येत नाही. बर्लिनमधील मिकोनोस उपाहारगृहात १९९२ मध्ये झालेल्या कुर्द नेते सादेक शरफकंदी आणि त्यांच्या साथीदारांच्या हत्येच्या खटल्याचेही तेच. १९९७ च्या निकालात जर्मन न्यायालयाने ठपका थेट इराणच्या सर्वोच्च नेतृत्वावर ठेवला.

आता उणिवा. नोंदींची लांबी अत्यंत असमान आहे. होवेदांसारख्यांवर पाने भरतात, तर १९८८ च्या कित्येक बळींच्या वाट्याला दोन-चार ओळीच येतात. अर्थात त्या हत्या गुप्तपणे झाल्या, प्रेते अनेकदा सामूहिक खड्ड्यांत पुरली गेली आणि कुटुंबांना मागाहून कळवले गेले, त्यामुळे दोष संग्राहकांचा नाही. फारसी नावे रोमन लिपीत अनेक प्रकारे लिहिली जात असल्याने इंग्रजीतून शोध घेताना दोन-तीन स्पेलिंगे करून पाहावी लागतात.

मोठी अडचण मात्र कालमर्यादेची आहे. स्मारक १९७९ पासून सुरू होते. एप्रिल १९७५ मध्ये तेहरानच्या एविन तुरुंगाजवळच्या टेकड्यांवर डावे नेते बीजन जजनी आणि आणखी आठ कैद्यांना सावाकने गोळ्या घातल्या आणि ते पळून जात होते असे जाहीर केले. असे बळी या कक्षेबाहेर राहतात. त्यामुळे एखादा राजेशाहीवादी हा संग्रह पुढे करून सांगू शकतो की पाहा, अत्याचार सुरू झाले ते क्रांतीनंतर. तसा दावा संस्था करत नाही, पण तारखेची रेघ तो सुचवते. हा विषय जुना झालेला नाही. सावाकच्या अंतर्गत सुरक्षा विभागाचे एकेकाळचे प्रमुख परवीझ साबेती २०२३ मध्ये अमेरिकेतील इराणी निदर्शनाच्या छायाचित्रात दिसले तेव्हा परागंदांमध्ये उभी फूट पडली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन माजी राजकीय कैद्यांनी फ्लोरिडातील संघीय न्यायालयात त्यांच्यावर छळाबद्दल २२.५ कोटी डॉलरच्या भरपाईचा दावा लावला. आरोपीला वकील, फिर्यादीला साक्ष देण्याची संधी आणि दोघांना अपिलाचा मार्ग असे ज्या न्यायासनाचे वर्णन ओमीदच्या नोंदी अप्रत्यक्षपणे करतात, तसेच एक न्यायासन येथे उपलब्ध आहे. याच शिस्तीने क्रांतीपूर्व बळींचा जोडसंग्रह कोणी उभारला तर दोन्ही बाजूंचे लोक तो उघडतील.

इराणचा अभ्यास करणाऱ्यांना, पत्रकारांना आणि या वादांत हिरिरीने बोलणाऱ्यांना मी ही सेवा निःसंकोच सुचवीन. फारसी येत असेल तर त्याच भाषेतून वाचावे. सुरुवात मात्र ज्याच्याबद्दल आधीपासून सहानुभूती आहे त्याच्यापासून करू नये. राजेशाहीवाद्याने १९८८ मधील एखाद्या डाव्या कैद्याची नोंद आधी उघडावी, आणि डाव्याने नसीरींची.