चित्रं काही भारी येत नाहीत, तरी दुसरी टर्म भरली

मुलगी साडेचार वर्षांची, या चित्रकलेच्या क्लासला सहा महिने झाले म्हणून लिहितेय. पहिला महिना मी वैतागलेलेच होते. आधीच्या क्लासमधून दर आठवड्याला डोंगर, नदी, झोपडी असं छान चित्र घरी यायचं (अर्धं टीचरनीच काढलेलं असायचं हे नंतर कळलं), आणि इथे काय तर कागदभर रेघोट्या नि मातीचे गोळे.

शेवटी विचारलंच. टीचर म्हणाल्या, चित्र नका बघू, हात बघा. आणि खरंच, ती खडू अख्ख्या मुठीत धरून खांद्यापासून हात फिरवायची. इथे मुद्दाम खडूचे बारके तुकडे करून देतात, ते मुठीत धरताच येत नाहीत मग पोरं आपोआप चिमटीत धरतात. माती मळा, कागद फाडा, कात्रीने कापा, सगळं बोटांच्या ताकदीसाठी. आता शर्टाची बटणं स्वतः लावते, मला हात लावू देत नाही.

रंग फक्त लाल, पिवळा, निळा, पांढरा. हिरवा हवाय? कर मग. परवा जांभळा करायला गेली आणि पार चिखल झाला, मला वाटलं आता भोकाड पसरणार, तर म्हणते "असू दे, हत्तीला होईल".

नक्कल करायला लावत नाहीत हे मला सगळ्यात आवडलं. टीचरनी सांगितलं की फ्रान्झ चिझेक नावाच्या माणसाने १८९७ मध्येच व्हिएन्नात मुलांसाठी असा वर्ग काढला होता, म्हणजे फॅड वगैरे नाहीये. हिची माणसं आधी डोक्यालाच पाय फुटलेली असायची, मी पोट काढून दाखवायला गेले तर टीचरनी थांबवलं, या वयात बहुतेक मुलं तशीच काढतात, "हे काय काढलंस" न म्हणता "याची गोष्ट सांग" म्हणा. म्हटलं, तर दहा मिनिटं थांबेना, आजी पळतेय म्हणून पाय लांब! आता आपोआप पोट आलंय, त्यावर सात बटणं.

एक स्टार कापलाय कारण पंधरा मुलांना एकच टीचर, सुट्टी झाली तर क्लास भरून देत नाहीत, आणि निळा रंग धुतला की जातो म्हणतात तो अजिबात जात नाही, जुनेच कपडे घालून पाठवा. परीक्षा, स्पर्धा, सर्टिफिकेटं हवी असतील तर इथे काहीच मिळणार नाही.