स्वस्त पाइप घेताना: गंगापूर रोडवरील प्रदर्शनात झालेली माझी फसवणूक

गंगापूर रोडवरील एका सभागृहात भरलेल्या हस्तकला प्रदर्शनात तंबाखूच्या पाइपापायी माझे ३,३८० रुपये गेले. पाइपाचे २,८५०, तंबाखूच्या चामडी पाउचचे ३५० आणि पाइप साफ करायच्या केसाळ तारांचे १८०. विक्रेत्याने आधी ४,२०० सांगितले होते आणि मी घासाघीस करून भाव उतरवल्याच्या आनंदात घरी आलो, हे लिहिताना आजही कान तापतात. अशा प्रदर्शनांची तऱ्हा नाशिककरांना नव्याने सांगायला नको. चार दिवसांचा गाळा, मागे भलामोठा फलक, ‘साहेब, शेवटचे दोन नग’, आणि प्रदर्शन उठले की माणूस, माल आणि मोबाइल क्रमांक तिन्ही गायब. हे सगळे मलाही ठाऊक होते. या वेळची लबाडी मात्र वस्तूच्या पोटात दडलेली होती, म्हणून सविस्तर लिहितो आहे. तंबाखू ओढावा की नाही यावर कृपया उपदेश करू नये. तो घरात पुरेसा झाला आहे.

पाइप मला ‘अस्सल इटालियन ब्रायर’ म्हणून विकला. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या आसपास वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी धरणारी गाठ. ती कापून, उकळून आणि महिनोन्महिने सुकवून मग तिच्यातून पाइप कोरतात, कारण ते लाकूड घट्ट असते आणि निखाऱ्याची धग सोसते. या लाकडात बारीक खड्डे निघतात आणि स्वस्त पाइपांत ते लांबी (पुट्टी) भरून बुजवलेले असतात. त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. अडीच-तीन हजारांत बिनडागी ब्रायर मिळावा इतका मी भोळा नाही. एखाद-दुसरी बुजवलेली जागा दिसली असती तर मी ती मुकाट्याने चालवून घेतली असती. अगदी शिसवी पाइप शिसवी म्हणून विकला असता तरी वाद नव्हता.

आता तो क्षण. गाळ्यावर एक नमुन्याचा पाइप होता. विक्रेत्याने त्याच्या तोंडाकडच्या नळीतून केसाळ तार घातली, ती विनासायास आत गेली आणि तिचे टोक तंबाखू भरायच्या वाटीच्या थेट तळाशी बाहेर आले. पाइपाची हीच खरी परीक्षा आहे आणि ती मला आधीपासून माहीत होती, त्यामुळे माणूस जाणकार दिसतो असे मनाशी म्हणून मी निर्धास्त झालो. माझ्यासाठी त्याने खोक्यातून दुसरा पाइप काढला. मी म्हटले, यातही तार घालून दाखवा. त्यावर तो हसून म्हणाला, “काका, हा कोरा आहे, आतला काळा लेप खरवडला जाईल.” मग मी नळी फिरवून काढू लागलो, तर त्याने चटकन माझ्या हातावर हात ठेवला. “नळी काढू नका, फिटिंग सैल पडतं.” पाइप गरम असताना नळी काढू नये, हे खरे आहे, नळीची खुंटी मोडते किंवा ती जिच्यात बसते त्या लाकडी दांडीला चीर जाते. पण तो पाइप गार होता! खोक्यातून नुकताच निघालेला, कधीही न पेटवलेला. सारी नोकरी मी अंबडच्या कारखान्यात टूलरूममध्ये काढली, भोक मध्यावर आहे की नाही हे तपासण्याचा पगार घेतला, आणि त्या क्षणी खरा नियम चुकीच्या जागी वापरला जातो आहे हे मला कळायला हवे होते. माझ्या बाजूने एवढेच सांगतो की गाळ्यात पिवळे दिवे होते, मागे माणसे खोळंबली होती, आणि नुकताच नमुन्यावर खरा प्रयोग करून दाखवलेल्या माणसावर शंका घेण्याचा धीटपणा फार थोड्यांना असतो. ही माणसे आपल्या भिडस्तपणावरच धंदा करतात.

हात धरणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. गाळा सोडून पुढे चला.

घरी येऊन पाइप पेटवला. काही झुरक्यांतच वाटीच्या बाहेरच्या अंगाला वार्निशला फोड आले, रंगाचा उग्र वास सुटला आणि बोटांना तपकिरी डाग लागले. नळीतून गुडगुड आवाज येऊन कडू पाणी जिभेवर आले. वाटीच्या तळाशी तंबाखूचा ओला गोळा तसाच उरला. तो पेटणे शक्यच नव्हते. काचेसारखे जाड चकचकीत वार्निश हे चांगल्या कामाचे लक्षण मानू नका, त्याखाली बरेच काही लपते.

मग मी तो शिकंजात धरला आणि हॅकसॉने उभा चिरला. धूर जाण्याचे भोक वाटीच्या तळाशी उघडायला हवे. ते तळापासून सात मिलिमीटर वर उघडत होते. त्याखालच्या तंबाखूला हवेची ओढ लागणारच कशी? ड्रिल तिरपे गेल्यामुळे ते दांडीच्या कडेला फुटले होते आणि तिथे अंगठ्याच्या नखाएवढी पुट्टी थापून वर रंग मारला होता. वाटीची भिंत व्हर्नियरने मोजली तर एका बाजूला आठ मिलिमीटर आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम तीन. पाच-सहा मिलिमीटरच्या खाली भिंत गेली की हाताला चटका बसतो आणि पुढे वाटी जळून भोक पडते. नळीची खुंटी दांडीतल्या खाचेच्या तळापर्यंत पोचत नव्हती, म्हणजे मधल्या पोकळीत पाणी साचण्याची सोय आपोआप झाली होती. लाकूड पांढरट आणि हलके होते. त्यावरच्या ‘ब्रायरच्या रेषा’ रंगाने ओढलेल्या होत्या, आणि हे तर न चिरताही दिसू शकले असते: खऱ्या लाकडाच्या एका अंगाला उभ्या रेषा असतील तर काटकोनातल्या अंगाला ठिपके दिसतात. माझ्या पाइपाला सगळ्याच अंगांना सारख्याच रेषा होत्या. वाटीतला तो जाड काळा लेप भोकाची जागा झाकण्यासाठीच होता, याबद्दल मला तरी शंका उरलेली नाही. लेप चांगल्या पाइपांतही असतो, परंतु मोबाइलच्या बॅटरीचा उजेड पाडल्यावर त्यातून भोक स्वच्छ दिसते.

खोक्यावर ‘मेड इन इटली’ एवढेच छापलेले होते. आयात केलेल्या वेष्टित मालावर आयातदाराचे नाव, पत्ता आणि किरकोळ किंमत असणे बंधनकारक आहे. ते नसेल तर खोके उघडूसुद्धा नका. कमी पैशांत पाइप हवाच असेल तर मक्याच्या कणसाचा घ्या. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात ते १८६९ पासून बनतात, आणि कणीस कणीस म्हणूनच विकले जाते.

यानंतरची कथा अधिक संतापजनक आहे. सभागृहाच्या व्यवस्थापकाने सांगितले, आम्ही फक्त जागा भाड्याने दिली. आयोजकांचा फोन बंद. क्यूआर कोडवर गाळ्याच्या नावाऐवजी भलत्याच व्यक्तीचे नाव आले होते, म्हणून बँकेत गेलो. तिथल्या बाईंनी मान वर न करता उत्तर दिले की पिन तुम्हीच टाकला आहे. पोलीस ठाण्यात (कोणत्या, ते लिहीत नाही) चिरलेला पाइप टेबलावर ठेवला तेव्हा हवालदारांनी तो उलटसुलट पाहिला आणि “काका, या वयात हे शौक?” म्हणून शेजारच्याला दाखवला. ही दिवाणी बाब आहे, असे मला ऐकवण्यात आले. एक वस्तू दाखवून दुसरी गळ्यात मारणे ही फसवणूक नसेल तर जुन्या ४२०च्या जागी आलेले भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ कशासाठी आहे? एका सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवली, तर ‘विक्रेत्याचा पत्ता अपूर्ण’ असा शेरा मारून ती बंद केली. पत्ता माहीत असता तर मी स्वतःच त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो नसतो का? सिग्नलच्या पांढऱ्या पट्टीवर स्कूटरचे चाक चार बोटे पुढे गेले की दंडाचा संदेश हातातल्या मोबाइलवर येतो, आणि ज्याच्या बँक खात्यात माझे पैसे जमा झाल्याची नोंद आहे तो माणूस मात्र यांना सापडत नाही! २०२७चा सिंहस्थ तोंडावर आला आहे, शहरात असे गाळे शेकड्यांनी लागतील. तेव्हाही प्रत्येकाला चार टेबलांवरून असेच फिरवणार आहेत का?

बिल मागा. त्याने दिले नाही आणि मी आग्रह धरला नाही, कारण ‘बिल घेतलं तर जीएसटी वर लागेल’ हे नेहमीचे वाक्य त्याने वेळेवर टाकले. बिल न देणे ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे. ही माहिती मला चारपैकी एकाही टेबलाने दिली नाही. ती एका ओळखीच्या वकिलांनी चहा पिता पिता दिली.

याच प्रदर्शनातून पाइप घेतलेले आणखी कोणी असतील तर त्यांनी खोके आणि पैसे पाठवल्याचा मोबाइलवरील तपशील जपून ठेवावा आणि पाइप पेटवू नये. आयोगाच्या परवानगीने एकाच विक्रेत्याविरुद्ध अनेक ग्राहकांना मिळून तक्रार करता येते. माझा अर्ज तयार आहे, सोबत लावायला दोन्ही अर्ध्या फाकांची मापांसह छायाचित्रेही आहेत.