दोन लिटरचा म्हणून घेतलेला बाऊल

लग्नसराईच्या आधी सोलापुरात मंगल कार्यालयांमधून स्टील भांड्यांचे सेल लागतात. ‘फॅक्टरी रेट’, ‘आठच दिवस’ असे बोर्ड असतात. अशाच एका सेलमधून मी सहा मोठे बाऊल घेतले आणि त्यात मला पद्धतशीर टोपी घातली गेली. रक्कम फार मोठी नाही, १,६८० रुपये. पण ज्या हातचलाखीने ते झालं ती कळली तर बाकीच्यांचे पैसे वाचतील, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मी शहरातल्या जुळे सोलापूर भागात घरून जेवणाच्या ऑर्डर घेते. बारसं, डोहाळजेवण, घरगुती वास्तू, अशी चाळीस-पन्नास माणसांपर्यंतची कामं. शेंगा पोळी, येळवणीची आमटी, भाकरी, धपाटे. आमटीचा हिशोब मी माणशी १५० मिली धरते. पन्नास माणसांना साडेसात लिटर, वर थोडी जास्त. रिक्षातून न्यायची म्हणजे बाऊल काठोकाठ भरता येत नाही, बोटभर रिकामं सोडून झाकण लावावं लागतं. दोन लिटरच्या बाऊलमध्ये अशी साधारण सोळाशे मिली बसते. पाच बाऊल म्हणजे आठ लिटर. हे गणित घरी करूनच मी सेलला गेले होते.

स्टॉलवरच्या माणसाला मी स्पष्ट सांगितलं, दोन लिटरचा हवा. त्याने चकचकीत बाऊल पुढे केला. आत ‘२ लि.’ असा गोल स्टिकर. मी म्हटलं, स्टिकरवर माझा विश्वास नाही. तर तो हसून म्हणाला, “अक्का, विश्वास ठेवूच नका. तुमच्यासमोर मोजून देतो.” हे वाक्य ऐकलं की सावध व्हायचं, हे मला आता कळतं.

आधी त्याने टेप काढला. बाऊलच्या तोंडावर आडवा धरून वीस सेंटिमीटर दाखवले. मग बाकड्याखालून प्लॅस्टिकची बाटली काढली. कोल्ड्रिंकची, लेबल काढून टाकलेली. “ही लिटरची बाटली. दोनदा ओततो, बघा.” दोनदा ओतली. पाणी काठाला टेकलं, वर फुगून थरथरत उभं राहिलं, पण एक थेंब सांडला नाही. आजूबाजूच्या चार बायकांनीही पाहिलं. त्यांनीही घेतले.

आता दोन्हीतली ग्यानबाची मेख सांगते.

त्या बाऊलचा काठ बाहेरच्या बाजूला वळवलेला होता, चांगली सेंटिमीटरभर रुंद पट्टी. टेप धरला तो एका पट्टीच्या बाहेरच्या कडेपासून दुसरीच्या बाहेरच्या कडेपर्यंत. आमटी काही पट्टीवर बसत नाही. आतून तोंड भरलं अठराच. दोन सेंटिमीटरने असा काय फरक पडतो असं वाटेल, पण इथेच खरी लूट आहे. बाऊल अर्धगोल धरला तर आतून वीस सेंटिमीटर तोंडाचा बाऊल दोन लिटरच्या थोडं वर पाणी घेतो आणि अठराचा जेमतेम दीड लिटर. कारण तोंड दहा टक्क्यांनी लहान झालं की त्याच आकाराच्या भांड्याची खोलीही तेवढीच कमी होते आणि माल सत्तावीस टक्क्यांनी घटतो. डोळ्याला मात्र दोन्ही बाऊल सारखेच दिसतात. शेजारी ठेवले तरच फरक कळतो, आणि स्टॉलवर शेजारी कोणी ठेवत नाही.

बाटली ७५० मिलीची होती. दोनदा ओतली म्हणजे दीड लिटर झाले. कोल्ड्रिंकच्या बाटल्या वेगवेगळ्या मापांच्या येतात आणि लेबल काढलं की उंच, कंबरेत बारीक बाटली लिटरचीच वाटते. हा माणूस लेबल काढलेली बाटली जवळ बाळगत होता, ती काही पाणी प्यायला नव्हे.

हे सगळं मला कळलं ते आमटी उरली म्हणून. शहराच्या पूर्व भागात डोहाळजेवणाची ऑर्डर होती. आठ लिटर आमटी केली. माझं आमटीचं पातेलं मी शिक्क्याच्या लिटरमापाने मोजून ठेवलेलं आहे, तिथे चूक व्हायची शक्यता नाही. पाच बाऊल भरले, झाकणं लावली, आणि पातेल्यात अडीच लिटर आमटी तशीच. सासूबाई म्हणाल्या, पाणी जास्त पडलं असेल. मी म्हटलं, मग चव पातळ लागली असती. उरलेली आमटी घाईघाईत दुधाच्या किटलीत घालून पाठवली म्हणून त्या घरी पंगत नीट उठली. नाही तर पस्तीस-छत्तीस पानांवर आमटी संपली असती आणि नाव माझं गेलं असतं.

संध्याकाळी सहावा, न वापरलेला बाऊल काढला आणि पाण्याने तोलला. शेंगा चटणीची पाकिटं भरायला माझ्याकडे पाच किलोचा डिजिटल काटा आहे. भांडं मोजायची याहून सरळ रीत नाही, कारण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. रिकामा बाऊल काट्यावर ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा आणि पाणी ओतायचं. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे मिली. आपल्याकडे उन्हाळ्यात टाकीचं पाणी तापलेलं असतं, तेव्हा लिटरमागे सहा-आठ ग्रॅम कमी भरतं. ते सोडून द्यायचं. पण पाण्याऐवजी तेल ओतून हा हिशोब करू नये, लिटरभर तेल ९१० ग्रॅमच्या आसपासच भरतं. तेलाच्या पिशवीवर ते छापलेलंही असतं.

दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. एक म्हणजे ओटा. बहुतेक घरात ओट्याला मोरीकडे उतार असतो. तिरप्या बाऊलमधून पाणी एका बाजूने आधीच सांडतं आणि माप कमी येतं. मी काटा फरशीवर पाट टाकून ठेवला. दुसरी म्हणजे ती फुगी. पाणी काठाच्या वर फुगून राहतं आणि सांडत नाही. अठरा सेंटिमीटरच्या तोंडावर फुगी दोनच मिलिमीटर असली तरी ते पन्नास मिली होतात. म्हणून शेवटी चमच्याने घालायचं आणि पाणी काठाला सपाट झालं की थांबायचं. आमची आजी पायलीने ज्वारी घेताना आधी ठरवून घ्यायची, माप शिगोशीग, म्हणजे काठाच्या वर ढीग येईल असं, की काठाला काठी फिरवून. पाण्यालाही शीग असते, हे मला त्या दिवशी दिसलं.

काटा १,४९० वर थांबला. मग बोटभर खाली, म्हणजे दीड सेंटिमीटर खाली पाणी ठेवून पुन्हा तोललं. अकराशे. झाकण लावण्याजोगं माप तेवढंच. तोंडापाशी बाऊल सर्वांत रुंद असल्यामुळे वरचं बोटभर पाणी तळाच्या बोटभर पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असतं.

दुसऱ्या दिवशी पिशवीत काटा घालून मी आणि आमचे हे सेलमध्ये गेलो. तो आधी म्हणाला, स्टीलमध्ये थोडं कमी-जास्त चालतं. अर्धा लिटर थोडं कसं, विचारल्यावर म्हणाला, मी विसाचा बाऊल दिलाय, दोन लिटर कोण म्हणालं? स्टिकर दाखवला. तर म्हणे तो कंपनीचा, आमचा नाही. बिल काढलं. बिलावर लिहिलं होतं, ‘स्टी. बाऊल २०, नग ६’. लिटरचा उल्लेखच नाही. तो वीस म्हणजे सेंटिमीटर की नंबर, तेही नाही. भांड्यांच्या धंद्यात नंबर चालतात हे खरं, पण एकाचा बारा नंबर दुसऱ्याच्या बाराशी जुळेलच असं नाही, आणि नंबराचा लिटरशी थेट संबंध नसतो. त्याला हे पक्कं माहीत होतं.

मी त्याची ती बाटली मागितली. द्यायला तयार नव्हता. तेवढ्यात बाजूच्या एका काकूंनी बाकड्याखाली वाकून ती काढून दिली (सोलापूरच्या बायका अशा वेळी बघत बसत नाहीत). काट्यावर रिकामी ठेवली, शून्य केलं, पाणी भरलं: ७६०. गर्दी जमली तसा त्याचा आवाज खाली आला. “अक्का, भांडण कशाला? बदलून घ्या.” बदलून काय घेणार, सगळे त्याच साच्यातले. शेवटी न वापरलेल्या एका बाऊलचे २८० रुपये दिले. पाच वापरलेत म्हणून परत घ्यायला साफ नकार.

घरी येऊन ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन करून तक्रार नोंदवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये मालाच्या मापाबद्दल खोटं सांगणं अनुचित व्यापार प्रथेत येतं. स्टिकरचा, बिलाचा आणि काट्यावरच्या आकड्याचा फोटो माझ्याकडे आहे. फिरत्या सेलवाल्याच्या बिलावर पत्ता नसतो, नुसता मोबाईल नंबर असतो, आणि तो नंबर आता लागत नाही. तक्रार पुढे सरकत नाही ती तिथेच अडून. दूध-तेलाच्या मापावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो तसा बाऊलवर नसतो, कारण बाऊल हे कायद्याने माप नव्हेच. म्हणून स्टिकरपेक्षा बिलावर हाताने ‘आतून काठोकाठ २ लिटर’ असं लिहून घेणं जास्त कामाचं. लिहायला का-कू करणाऱ्याकडे घेऊ नका.

आणि जाताना टपरीवरून पाण्याची सीलबंद लिटरची बाटली विकत घेऊन जा, सील त्याच्यासमोर फोडा, आपल्या हाताने ओता. पट्टी न्यायची असेल तर शून्याचं टोक आतल्या बाजूला टेकवूनच मोजा.

उरलेल्या पाच बाऊलच्या बुडाला मी नाव घालणाऱ्याकडून ‘११००’ कोरून घेतलंय आणि आता ऑर्डर त्या हिशोबाने भरते. सेल इथून हलला. सामान टेम्पोत भरताना स्टॉलवरचा पोऱ्या म्हणत होता की पुढचा मुक्काम बार्शी. तिकडे तुमचं कोणी असेल तर त्यांना आजच कळवा.