कमरेला काय: .३२ रिव्हॉल्व्हर की .३२ पिस्तूल?

कोल्हापुरात जिल्हाधिकारी कार्यालयाचा परवाना हाती आला की खरा प्रश्न हाच. ९ मिमी निषिद्ध बोअर, म्हणजे नळीचा हा व्यास साध्या परवान्यावर मिळत नाही, म्हणून बहुतेकांची निवड .३२ मध्येच होते.

आयुध निर्माणीचं रिव्हॉल्व्हर सहा गोळ्यांचं. गोळी फुसकी निघाली तर ट्रिगर पुन्हा ओढायचा, पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात तेव्हा मॅगझीन (मुठीतली गोळ्यांची पेटी) खालून ठोकून स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे खेचावी लागते. सराव नसेल तर घाबरलेल्या हाताला हे जमत नाही. मात्र रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर जड, झटका दिला की नेम खाली जातो. शिवाय गोळ्यांचा फिरता सिलिंडर शर्टाखाली फुगतो. आयुध निर्माणीचंच 'अशनी' पिस्तूल चपटं बसतं.

पिस्तुलाचा मोठा धोका वेगळाच: मॅगझीन काढलं तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, गोळी उरू शकते. रिकामं करताना आधी मॅगझीन, मग स्लाइड, मग डोळ्यांनी आणि बोटानं खात्री.

दोन्ही .३२ असली तरी रिव्हॉल्व्हरची आणि पिस्तुलाची काडतुसं एकमेकांत चालत नाहीत, खरेदीला जाताना लक्षात ठेवा.

चामड्याचं होल्स्टर (शस्त्राचं कमरेचं आवरण) फक्त बाळगायला. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते ओल धरतं, शस्त्र त्यातच ठेवलं तर गंजतं. सार्वजनिक जागी मात्र शस्त्र पूर्ण झाकणारं होल्स्टर नियमानंच लागतं.

महिन्यातून सराव होणार नसेल तर रिव्हॉल्व्हरच घ्या.